ळची कळ

माझ्या टाइपरायटरवर ळ अडकतो.
दाबला की वर जाऊन तिथंच चिकटतो,
बोटानं खाली ओढावा लागतो.
कोर्टाच्या भिंतीला लागून, लिंबाखाली,
एका पानाला तीस रुपये.
सोलापुरात ळवाल्या आडनावांना तोटा नाही,
म्हणून रिबनपेक्षा माझं बोटच जास्त काळं.

बाई आली तेव्हा दुपारचे दोन. एप्रिल.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
नाव?
सुकेशनी तळभंडारे.
(ळ. ओढला.)
काम?
शाळेचे गणवेश शिवते, अक्कलकोट रोडला.
कॉलर माझी, खिसा पार्वतव्वाचा.
तक्रार कशाबद्दल?

माठ, म्हणाली.
माठावर तांब्या, तांब्या सगळ्यांचा.
माझा पेला वेगळा, खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधलेला.
पाणी वरनं कुणीतरी ओतणार,
त्यांचं जेवण होऊन हात वाळेपर्यंत
मी उभी.

घटनेची तारीख?
रोज.
रोज असं लिहिता येत नाही बाई, रकाना आहे.
मग रकान्यात मावंल ते लिहा.
बुधवार लिहा.
बुधवारी मी थांबले नाही, तांब्या हातानं घेतला.
गुरुवारी माठ नवा होता.

शेवटी मी सवयीनं ठोकलं : आपली कृपाभिलाषी.
ती समोरनं उलटं वाचत होती,
शिवणाऱ्या बाईला उलटी बाजू दिसतेच.
काय ओ हे?
असंच असतंय खाली.
खोडा.
कृपेवरनं, अभिलाषेवरनं फुल्या मारत गेलो.
खाली नुसतं नाव उरलं, आणि अंगठ्याएवढी मोकळी जागा.
तिनं सही केली, सावकाश, मोडी नाही न् मुरड नाही.

दीड महिन्यानं परत आली.
चौकशी झाली होती. साहेब आले, वही आली,
मालक हात जोडून म्हणाला, गैरसमज.
दुसऱ्या दिवसापासनं सगळ्यांना कागदी कप,
हजाराचा खोका आणून ठेवला.
साहेबांचा शेरा :
समान वागणूक. प्रकरण निकाली.

झालं की मग, मी म्हणलं.
ती स्टुलावर बसली नाही.
कागद कशापायी आला ओ?
माझा हात लागलेला तांब्या नको म्हणून.
आधी मी एकटी वेगळी होते,
आता वीसच्या वीस वेगळ्या.
पार्वतव्वा बोलत नाही माझ्याशी,
म्हणते, तुझ्यापायी घोटभर पाण्यावर आलो.
घाला कागद.

दुसरा अर्ज पाच ओळींचा.
कप बंद करावेत.
एक माठ, एक तांब्या.
माठ भरायची पाळी सगळ्यांची,
तीत माझीही.
विनंती लिहू का मागणी, मीच विचारलं यावेळी.
ती नुसती बघत राहिली.
मागणी लिहिलं.

मग शनिवारी तीस रुपये राहिलेले द्यायला आली.
सोमवारी माझी पाळी होती म्हणाली.
सुपरवायझर घरनं बाटली घेऊन आला.
पार्वतव्वा प्यायली, तोंड वाकडं करून.
पाण्याला वास येतो म्हणे.
मी म्हणलं, चार दिवसाआड येतंय नळाला,
वास माझा नाही, टाकीचा आहे.
मग ती हसली की नाही?
थोडी. कॉलरकडं बघत.

हे सगळं मी टाइप केलं नाही.
घरी मोरीच्या दिवळीत एक कप आहे, कान तुटलेला.
गटार काढायला येणाऱ्या नागनाथसाठी.
तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी लिहितोय,
त्या कपाची तारीख कुणी विचारली
तर मलाही सांगावं लागेल : रोज.

रात्री उचलला, आमच्या कपांत ठेवला.
सकाळी दिवळीत.
परत उचलला.
परत दिवळीत.
बायको काही बोलली नाही, मीही नाही,
कप तेवढा चार दिवस घरात फिरत होता.

आज नागनाथ आला.
चहा कशात दिला, मी वाकून पाहिलं नाही.
भांडी घासायच्या घमेल्यात मात्र
तो कप आमच्या कपांवर पालथा पडला होता,
तुटका कान वर करून.

ळ अजून अडकतो.
दुरुस्तीवाला म्हणतो, दोनशे रुपये.