हलू नको

वाळे काढले, बाळ्या काढल्या,
माझ्या खिशातली सुताची कात्रीसुद्धा ट्रेमध्ये.
भार्गवी एमआरआयच्या बोगद्यात. पाऊल तेवढं बाहेर,
ते धरून मी उभा.
खडखड सुरू झाली, थांबली,
पुन्हा, वेगळ्या लयीत.
"नायना, आपला माग!"
"हलू नको गं."

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात वीस वर्षं
चादरी उजेडात धरून तपासल्या.
काचेपलीकडे डॉक्टरीणबाई
तिच्या डोक्याचे पातळ पातळ पदर उलटतात,
एकावर थांबतात,
पुढे जातात, परत तिथंच येतात.
मला त्यातलं काही वाचता येत नाही.
पण कापड बघणारा माणूस
असा कधी थांबतो, ते कळतं.

मी तिचा अंगठा हळूच दाबला.
एरवी ती लगेच बोटं मुडपते.
आज नाही.
हलू नको म्हटलं होतं ना.