साखरीण

दारव्ह्याहून बाप आणायचा ती पत्र्याची इवली डबी,
बंडीच्या आतल्या खिशात, पैशांपेक्षा जपून.
आमच्या घरी तिचं नाव साखरीण.
बादलीभर पाण्याला आगपेटीच्या काडीवर मावेल इतकीच,
वरून नारंगी रंग,
आणि मंगळवारच्या बाजारात दुपारपर्यंत
साऱ्या गावाची जीभ एका रंगाची.

"वाढली का कडू होते," बाप म्हणायचा,
"बाईमाणसावानी."
आई साचे पुसत म्हणायची,
"हो. आन् मापात ठेवली
का लोकं चोखून काडी फेकून देतात."

चौथीच्या पेपरात लिंग बदला होतं.
वाघ – वाघीण. माळी – माळीण.
मी माझ्या मनानं एक जोडी वाढवून दिली.
ढोबळे गुरुजींनी लाल रेघ ओढली:
साखर मुळातच बाई.
तिला कुठून आली बायको?
घरी सांगितलं, तर बाप पोट धरून हसला,
"मंग सवत म्हण."
आई हसली नाही.

गावात तो शब्द बेबीनंदालाही लावत,
तोंडावर नाही, पाठमोरी झाल्यावर.
ये वं माय, बस वं माय, च्या घेतं का वं माय,
आणि चूल सकाळपासून थंड.
"तिच्या ओट्यावर मुंगी पाह्यली का कोणं?" आई विचारायची.
तिची परीक्षा एवढीच होती.
डबीतलं सांडलं, तर मुंग्या वळून जात.
त्यांना कोणी शिकवलं नव्हतं,
गुरुजींनी तर नाहीच.

आता गावात रोगाला शुगर म्हणतात
आणि साखरेला साखर,
जशा दोन गावच्या दोन बाया.
बापाला झाली आहे ती पहिली.
यवतमाळच्या डॉक्टरनं दिलेल्या डबीला टिचकी मारली
की एकच गोळी पडते, तांदळाच्या कणीएवढी.
बापानं ती तळहातावर घेऊन उन्हात धरली.
"ओयखली. हे तं आपलीच साखरीण,
मास्तरीणबाई."

रोज चहा पिऊन तो कप ओट्यावर उपडा घालतो.
थेंब ओघळतो, वाळतो.
मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून जाते.
काल एक थांबली.
मिशा हलवल्या, हुंगलं,
पुढे गेली.
"पाह्य," बाप म्हणाला,
"तुयी माय."