का

भिवापूर सोडलं आणि नागभीडच्या अलीकडे एसटीचा पट्टा तुटला.
कंडक्टर म्हणाला, दुसरी येईल,
तास लागेल, दीडही लागेल.
उतरलो. धान कधीच निघालेलं, बांध्यांमध्ये नुसती धसकटं,
कुठून तरी मोह पडल्याचा वास,
आणि बंद राइस मिलच्या काटाघरावर खडूनं लिहिलेलं :
चाकलेट म्युझियम. चपला बाहेर.
मुंग्यांना मारू नये.

आत एकच खोली. मधोमध मोठा काटा, गंजून
कुठल्याशा हंगामाच्या दोन मणांवर अडकलेला.
मी वजनमापं तपासणारा माणूस, आधी तोच पाहिला.
मग खुर्चीतले यादोराव शेंडे दिसले,
चाळीस वर्षं सायकलीला पत्र्याची पेटी बांधून
सिंदेवाही ते ब्रह्मपुरी
गोळ्या-बिस्किटं पोचवलेले.
तिकीट किती, विचारलं.
"कागद," म्हणाले. "चाकलेटाचा. खाल्लेल्या. कोरा चालत नाही."

तुम्ही समजता ते चॉकलेट नव्हे.
इकडे गोल, चपटं, संत्र्याच्या फोडीसारखं, खोकल्याचं,
दोन्ही टोकांना पीळ दिलेलं जे काही गोड
ते सगळं चाकलेटच.

चुन्याच्या भिंतीवर छतापर्यंत कागद,
भाताच्या खळीनं चिकटवलेले,
प्रत्येकाखाली पेन्सिलीनं तीन गोष्टी :
कुठचं, कोणी दिलं, का दिलं.
पहिल्या दोन मी वाचल्याच नाहीत.

मुलगी झाली, पेढेवाल्याचं दुकान बंद होतं.
सुई टोचली, रडली नाही.
सुई टोचली, रडला.
मत द्याचं होतं.
मास्तरांची बदली झाली. (हे एकवीस वेळा, एकाच रंगाच्या कागदांखाली.)
भांडण मिटलं.
त्याच हस्ताक्षरात, जरा खाली : मिटलं नाही.
एका निळ्या कागदाखाली फक्त
उगाच.

"खरं चाकलेट नाही का?"
त्यांनी स्टीलचा डबा उघडला.
भाच्यानं कुवेतहून आणलेलं, वरती उंटाचं चित्र असलेलं.
उंट मे महिन्यात गेला.
आता ते डब्याच्या तळासारखं गोल होतं, वर पांढुरकी बुरशी,
आणि खिडकीतून एक काळी ओळ आत येत होती,
एक बाहेर जात होती.
"ह्या रोजच्या हायेत," ते म्हणाले. "बिनतिकिटाच्या."

उमरेडच्या कॅन्टीनमध्ये दोन रुपयांऐवजी
हातावर टेकवलेल्या दोन गोळ्या
शर्टाच्या खिशात होत्या. एक सोडली, तोंडात टाकली,
कागद पुढे केला.
त्यांनी घेतला नाही. खुर्ची सरकवली.
"सांग."
"काय?"
"चव. मले साखर हाये. पोरगी कागद हुंगू देत नाही."

गोड, मी म्हणालो.
"हे तं मलेबी मालूम हाये."

अडीच ग्रॅम, हे मी सांगू शकलो असतो.
डोळे मिटले. म्हणालो, आधी काहीच नाही,
मग कडेनं आंबट,
मग मध्येच एक खरखरीत जागा, जिभेला लागते.
"कोन्त्या बाजूनं?"
"डाव्या."
यादोरावांनी डावा गाल आत ओढला
आणि तसेच बसून राहिले.
मी गोळी फोडली नाही. एरवी मी फोडतो.
ती संपेपर्यंत कोणीच बोललं नाही,
काट्यावरून एक मुंगी दोन मण ओलांडून गेली.

बाहेर हॉर्न वाजला.
त्यांनी पेन्सिल दिली. उमरेड, लिहिलं. कॅन्टीनवाला, लिहिलं.
का, या ठिकाणी थोडा थांबलो, हॉर्न पुन्हा वाजला,
आणि लिहिलं : सुट्टे नव्हते.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं.
"लय लोकायचं हेच हाये," म्हणाले,
आणि माझा कागद नखानं सपाट करू लागले,
सुरकुती सुरकुती.

गाडीत खिडकी मिळाली.
दुसरी गोळी खिशातच होती.
मूल येईपर्यंत मी तिचा पीळ
सोडत होतो, पुन्हा देत होतो.