वजा पाचशे त्रेचाळीस

एरंडोल कोर्टाच्या कंपाउंडला टेकून
माझं टेबल, माझं मशीन
आणि चोवीस वर्षांची खुर्ची, जिचा एक पाय विटेचा.
इथं मी लोकांच्या वतीनं लिहून देतो
की वरील मजकूर खरा आहे.

कौतिकबाई विसपुते मंगळवारी येतात.
पिशवीतून फाइल, फाइलीतून कागद,
कागदावर ती थाई लिपी,
जिलेबीवाल्याचा हात थांबलाच नाही अशी,
शब्दाशब्दांत श्वासापुरतीही जागा नाही.
"भाऊ, काय लिखेल शे?"

मला येत नाही. मोबाइल वर धरतो,
तो अक्षरं चघळतो, मराठीसारखं काही थुंकतो:
आरोपी दगड. न्यायालय आदरणीय दूर ढकलणे.
एवढ्यावर आम्ही दोघं अर्थ लावतो.

लोकेश खडे बसवायचा. जळगावच्या सराफात दहा वर्षं.
मग कुणी सांगितलं, चंथाबुरीला माणकांचा बाजार भरतो,
मजुरी तिप्पट.
तिथं एका शेठच्या पुडीत एक खडा काचेचा निघाला.
शेठचा मेव्हणा पोलिसात.
पासपोर्ट ठाण्याच्या ड्रॉवरात गेला,
व्हिसा त्या ड्रॉवरातच संपला,
आणि तो संपला हा लोकेशचा दुसरा गुन्हा.

आधी दुभाष्याचे पैसे.
मग दुभाष्यानं आणलेल्या वकिलाचे.
मग तारखेचे, मग तारीख पुढे गेली तिचे.
बाई हिशेब तोळ्यात सांगतात, रुपयात नाही.
"पोत गयी. आते पाटल्या."
दूतावासाचं उत्तर एकदा आलं होतं,
आपला अर्ज नोंदवला आहे, एवढंच.

दुभाष्या फोनवर हिंदी बोलतो.
मी विचारलं, पावती कशाची?
हसला. म्हणाला, इथं याला चहाच्या पाण्याचे पैसे म्हणतात,
तुमच्याकडं काय म्हणतात?
मी मागं वळून पाहिलं.
नक्कल विभागाच्या खिडकीत शिपाई
पन्नासची नोट रजिस्टरखाली सरकवत होता,
आणि नोटवाल्याला तिथं मीच पाठवलं होतं.
फोन ठेवला.

आज नवा कागद. खाली साल आहे, २५६८.
बाईंनी नातीकडून ते आधीच वाचून घेतलंय,
ओठ हलतायत, अंगठा पेरांवरून फिरतोय.
"इतलं साल ठेवतीन त्याले?"
नाही हो. तिकडचं साल बुद्धापासून धरतात.
पाचशे त्रेचाळीस वजा करायचे, की आपलं येतं.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या,
"अजून थोडं वजा कर ना भाऊ. दोनच साल.
तो घर व्हता तठलोंग."

मी शिक्क्याकडं बघत बसलो.
गरुड आहे, लाल शाई आहे.
पण मागच्या पावतीवर गरुडाच्या डाव्या पंखावर
एक केस छापला गेला होता,
यावरही तोच केस, तसाच वळलेला.
बाईंचा नवरा कसोटीवर सोनं ओढून
रेघ बघायचा आणि खोट सांगायचा.
बाईंनी शिक्क्यावर अंगठा घासला, अंगठा पाहिला,
मग मला.
मला वाटतं त्यांना मागच्याच वेळी कळलं होतं.

"लिखी दे, पैसा धाडस म्हनीन."
आणि धाडलं नाही तर, असं मी विचारलं नाही.
त्यांनीही खोटं आहे का, असं विचारलं नाही.
मशीन चालू केलं. माननीय महोदय.

मजुरी नको म्हणालो.
त्यांनी दहाची नोट कार्बनच्या डब्याखाली सारली.
"ऱ्हाऊ दे. चहापानीले."

चार वाजता चहा आला, पैसे मी खिशातून दिले.
डब्याखालून एक कोपरा अजून बाहेर दिसतोय.
वारा आहे आज.