काज

डांबर हे नाव
रे रोडला रस्ता होत होता तेव्हाचं.
पिंपाच्या आडोशाला, वीतभर,
नाकापासून शेपटीपर्यंत एकच काळा.

मार्गशीर्षात नाकाचा रंग उडायला लागला,
कडेकडेने गुलाबी.
मग ओठ. मग पोटावर कोंडा,
कोंड्याखाली लाल चकत्या,
आणि रात्रभर पाय आपटत खाजवणं.
खालचे कांदळकर काठीने छत ठोकायचे.

बुरशी आहे, म्हणाला नाक्यावरचा दवाखाना.
शाम्पू. मलम. कोंबडी बंद.
पाच महिने मी बुरशी धूत होते.

परळच्या जनावरांच्या इस्पितळात
डॉक्टर नाझनीन परकारांनी
चष्मा कपाळावर चढवून
त्याचा ओठ उलटा करून पाहिला.
बराच वेळ.
मग एक गोल पातं फिरवून
शर्टाच्या बटणाएवढं कातडं काढलं,
ओठाजवळ एक, पोटावर दोन.
मी लालबागला काजं-बटणं करते.
इतकं नेटकं गोल काज मी पाहिलं नव्हतं.
टाके मात्र जाड होते. बोलले नाही.

बारा दिवसांनी कागद आला.
लिम्फोमा, कातडीतला.
खाली लांबलचक लॅटिन नाव.
त्या वाचून थोडंसंच हसल्या:
या नावातच बुरशी आहे बघा,
रोगात नाही.

दर तीन आठवड्यांनी एक कॅप्सूल.
आधी रक्त,
पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच.
सकाळी स्टिरॉइडची गोळी, चपातीत गुंडाळून.
कॅप्सूल फोडायची नाही. हातमोजे घालायचे.
मुतला, तरी हातमोजे.
नऊ वर्षं मी याचं तोंड पदराने पुसलंय.

एका कॅप्सूलला किती काजं
ते वहीत मांडलं,
मग पान फाडलं.

बरा होईल?
बरा नाही होणार. बरं वाटेल.
काही महिने. मोजत बसू नका.
मी डझनावर पैसे घेणारी बाई.

दुसऱ्या कॅप्सूलनंतरच्या मंगळवारी
रात्री दचकून उठले.
काहीच वाजत नव्हतं.
अंधारात हात पुढे केला:
चिंध्यांच्या ढिगावर ऊन ऊन पोट,
वर, खाली.

सकाळी जिन्यात कांदळकर.
आवाज खाली घेऊन म्हणाले,
गेला का?
झोपला होता, म्हटलं.

नाक आता सगळं गुलाबी.
डावीकडे तेवढा एक काळा ठिपका उरलाय,
बाळाच्या गालावर लावतात तसा.
त्याला मी हात लावत नाही.

सोमवारी रक्त.