श्वासाची खूण

कोपरखैरणे, सेक्टर पाच. शनिवारी शाळा साडेअकराला सुटायची
आणि आम्ही सत्तावीस जण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जमायचो,
कारण पेटी तिथेच राहायची, सांगाड्याशेजारच्या कपाटात.
सातवी ते दहावी. पुढे बुटके, मागे उंच,
मधे मी, धड कशातच नाही.

तुस्कानो बाई वसईच्या. आवाज बारीक, नजर जाड.
भौतिकशास्त्राचा नादकाटा मागून आणायच्या,
स्वतःच्या कोपरावर आपटून बाकावर टेकवायच्या,
सगळं लाकूड गुणगुणायला लागायचं.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
'ओळ लांब आहे आणि तुम्ही आखूड.
दम कुणालाच पुरणार नाही. तो चोरून घ्यायचा.
शेजारचा घेतोय तेव्हा नाही,
आणि दोन शब्दांच्या मधे तर मुळीच नाही,
तिथे सगळं जग घेतं.'

मग वहीत प्रत्येकाला पेन्सिलीची वेगळी खूण,
स्वल्पविरामासारखी, पण वर लटकलेली.
माझी आली 'आभाळ'मध्ये.
आ, मग श्वास, मग भाळ.
मधल्या सुट्टीत पोरं चिडवायची: आ... कपाळ!
मलाही वाटायचं, शब्द अर्धा टाकून पळतेय मी.
'तू नसशील तेव्हा निलोफर असेल,' बाई म्हणाल्या,
'ती नसेल तेव्हा तू. कुणाला पत्ता लागणार नाही.'

लागलाही नाही. सुग्रीवच्या मामाने मोबाइलवर घेतलेलं
आम्ही पायऱ्यांवर बसून ऐकलं, तीनदा.
आभाळ अखंड होतं.
त्यात मी कुठे नाही, ते मलाच सापडेना.

नोव्हेंबरात सुग्रीव लांडगेचा आवाज फुटला.
एका आठवड्यात. 'ग' म्हणायला जायचा आणि जिन्यावरून कोसळायचा.
सोडतो म्हणाला. बाईंनी त्याला एकच सूर दिला, खालचा.
'हा धर. बाकीचे हिंडून येतील.'
त्याचे वडील तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
सुग्रीव तसाच उभा राहायचा,
मान किंचित पुढे, पाठीवर काहीतरी आहे असा,
आणि आम्ही सगळे त्याच्यावर चढून गायचो.

स्पर्धा ठाण्याला होती.
आदल्या आठवड्यात निलोफर मुकादमचं घर मुंब्र्याला गेलं.
दाखला घ्यायला आली तेव्हा वही परत केली,
पहिल्या पानावर तिची खूण, रबराने न खोडलेली.

रंगमंचावर माझ्या डाव्या हाताला
एका मुलीच्या रुंदीची हवा होती.
बाईंनी हात उचलला. आम्ही निघालो.
आ, आणि मी थांबले नाही.
कोण आहे आता तिथे धरायला, या भीतीने
अख्खं आभाळ एका दमात ओढलं.
डोळ्यांपुढे काजवे, गुडघ्यात पाणी,
शेवटच्या दोन ओळी तर नुसते ओठ.
आतून मात्र छाती फुगलेली: मी वाचवलं.

बक्षीस मिळालं नाही. वडापाव मिळाला.
बाईंनी बसच्या रांगेत कान धरला,
'तुला कुणी सांगितलं होतं?'
'निलोफर नव्हती, बाई.'
'आणि बाकीचे पंचवीस काय
भिंतीला टेकून उभे होते?'

त्यावर उत्तर तेव्हा नव्हतं.
आजही नीटसं नाही. ऑफिसात मी अजून
दुसऱ्यांची कामं एका दमात ओढते
आणि संध्याकाळी ओठ तेवढे हलवते.

तो एक शब्द मात्र सुटला नाही.
परवा ऐरोलीच्या पुलाजवळ गाडी थांबवून
मुलाला दाखवत होते, खाडीवर उतरलेले रोहित,
मागे विजेचे मनोरे, वर सगळं गुलाबी.
म्हटलं, 'बघ ना, केवढं आ'
आणि श्वास आला, त्याच्या ठरलेल्या जागी.

'भाळ,' मुलगा म्हणाला,
मोबाइलमधून मान वर न काढता.
त्याला सवय आहे.