बॉयलर दुरुस्ती

डिचोलीच्या काजू कारखान्यात
बावीस वर्षं मी हजेरी मांडतो.
ह म्हणजे हजर, गै म्हणजे गैरहजर.
तिसरं अक्षर माझ्या रकान्याला ठाऊक नाही.

मग देवकी माजीक मंगळवार चुकवू लागली.
दर तिसरा मंगळवार, व्रतासारखा.
पहाटेची कदंब, पणजीला उतरून दुसरी, मग बांबोळी.
सोबत पेजेचा डबा,
जो ती तसाच परत आणायची.
मी गै लिहिलं.
गै. गै.

शेट पाठीमागे कधी आले, कळलं नाही.
ह लिही, म्हणाले.
मी म्हटलं, ती इथं नाही शेट, बुकात खोटं कसं लिहू?
ते चष्मा पुसत राहिले बराच वेळ.
"कामावरच आहे ती. आपलं काम नाही ते, एवढंच."

फार मोठा माणूस नव्हे हा.
चहातली साखर मोजणारा,
दिवाळीला तुकडा काजू वाटणारा, अख्खे नव्हेत.

देवकी परतली तेव्हा पदर कानांवर घट्ट,
नखं काळी,
चिकानं नव्हेत या खेपेला.
तिला भाजणीच्या धुरापासून लांब,
प्रतवारीच्या टेबलाशी, पाठ टेकायची खुर्ची मिळाली.
खुर्ची ऑफिसातली. माझी.
मी स्टुलावर आलो, आणि कुरकुरलो,
तेही लिहायला हवं.

मार्चात तपासणीची गाडी अंगणात उभी राहिली,
पांढरी, आत थंडगार, दोन डॉक्टरणी.
दुपारपर्यंत एकही बाई उठली नाही.
इथं मजुरी किलोवर.
आपण उठलो की गरही उठला, हे सगळ्यांना पाठ.
"गाठ असली तर असूं दे," शेवंती म्हणाली,
"पोराची फी उद्याची आहे."

शेट आत गेले, बॉयलर बंद केला.
वाफ बसली. पाती थांबली.
मागच्या माडावरचा कावळा पहिल्यांदाच ऐकू आला.
"आज सगळ्यांना कालचे किलो!"
ओरडले, रागावल्यासारखे.
मग मला हळूच,
"खर्च बॉयलर दुरुस्तीखाली टाक.
भागीदार विचारतील."

एक्केचाळीस बायका गेल्या,
एकमेकींना चिमटे काढत,
गाडीच्या पायरीशी गप्प होत.
तिघींना बांबोळीचा कागद मिळाला.
नावं सांगणार नाही.
बुकात त्यांच्यापुढे ह आहे.

संध्याकाळी डॉक्टरीण बॅटरी घेऊन माझ्याकडे वळली.
"आता तुम्ही. आ करा."
खणात, हजेरीबुकाखाली,
माझी सुपारी-तंबाखूची डबी.
म्हटलं, मला किलोंचा हिशेब आहे अजून.

देवकी माझ्याच खुर्चीतून बघत होती.
"मास्तर," म्हणाली, "हजेरी द्या."

मी तोंड उघडलं.
डॉक्टरणीची दोन बोटं मावली.
तिसरं बाहेरच राहिलं.